मंत्र्यांचे चेहरे दुकानाच्या काचेत

१. चित्रामुळे कायदा बदलतो का?

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडची राजकीय व्यंगचित्रे पाहिली की वाचकाच्या मनात बहुधा एकच प्रश्न येतो : या चित्रांनी खरेच काही बदलले, की लोक घटकाभर हसले आणि आपापल्या कामाला लागले? प्रश्न रास्त आहे. १८३२ साली ब्रिटिश पार्लमेंटने मतदानाच्या जुन्या पद्धतीत पहिली मोठी दुरुस्ती केली. त्याआधीच्या दीड-दोन वर्षांत लंडनच्या चित्रकारांनी राजा, पंतप्रधान, सरदार आणि बिशप यांपैकी कोणालाही सोडले नव्हते. पण दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. माझे म्हणणे त्याहून माफक आहे, पण ते पुराव्यावर टिकते असे मला वाटते. ज्या लाखो लोकांना मत नव्हते, त्यांना आपल्यावर राज्य कोण करते हे या चित्रांनी चेहऱ्यानिशी दाखवले. दूरवरची, दबदब्याची सत्ता त्यांनी नाक, पोट आणि बूट असलेल्या माणसांमध्ये उतरवली. अशा माणसांना जाब विचारता येतो ही कल्पना रुजायला त्यामुळे मदत झाली. ही चित्रे कशी बनत, कोण पाहत आणि सरकार त्यांना का रोखू शकले नाही, हे क्रमाने पाहिले की हे म्हणणे पारखून घेता येईल. त्याची मर्यादाही मग आपोआप दिसेल.

२. आधी मतांचा हिशेब

भांडण कशावरून होते ते आधी समजून घेऊ. पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहात परगण्यांचे आणि 'बरो' म्हणून मान्यता मिळालेल्या गावांचे प्रतिनिधी बसत. कोणते गाव बरो, ही यादी काही शतकांपूर्वी ठरली होती आणि पुढे तिला फारसा कोणी हात लावला नव्हता. सॉल्झबरीजवळचे ओल्ड सेरम हे मूळ गाव कधीच उठून गेले होते. तिथे एक टेकाड आणि आसपासची शेते एवढेच उरले होते, तरी तिथून दोन प्रतिनिधी जात. सफकच्या किनाऱ्यावरचे डनिच हे बंदर बव्हंशी समुद्राने गिळले होते. त्याचेही दोन प्रतिनिधी होते. आता दुसरी बाजू पाहा. गिरण्यांमुळे लाखाच्या वर वस्ती झालेल्या मँचेस्टरला स्वतःचा प्रतिनिधी नव्हता. बर्मिंगहॅमला नव्हता, लीड्सला नव्हता. ओल्ड सेरमचे मतदार दोन्ही हातांच्या बोटांवर मोजावेत इतके असत आणि ते जमीनमालकाच्या शब्दाबाहेर नसत. म्हणजे जमीन विकत घेतली की पार्लमेंटमधल्या दोन जागाही पदरात पडत. पुढे मद्रासचा गव्हर्नर झालेल्या टॉमस पिटने हे टेकाड असेच विकत घेतले होते. त्याचा नातू, म्हणजे पुढे पंतप्रधान झालेला थोरला विल्यम पिट, १७३५ साली इथूनच पार्लमेंटमध्ये शिरला. अशा जागांना लोक 'कुजके मतदारसंघ' म्हणत.

१ मार्च १८३१ रोजी लॉर्ड जॉन रसेलने या कुजक्या जागा काढून नव्या शहरांना प्रतिनिधित्व देणारे विधेयक मांडले. दुसऱ्या वाचनात ते ३०२ विरुद्ध ३०१ असे अवघ्या एका मताने तरले. पुढे समितीत अडले, तेव्हा सभागृह बरखास्त होऊन नव्याने निवडणूक झाली. कॉमन्सने नवे विधेयक मंजूर केले, पण ८ ऑक्टोबर १८३१ रोजी सरदारांच्या सभागृहाने ते ४१ मतांनी फेटाळले. नॉटिंगहॅम, डर्बी आणि ब्रिस्टल इथे दंगली उसळल्या. मे १८३२ मध्ये पंतप्रधान लॉर्ड ग्रे यांनी राजीनामा दिला. सुधारणेचा विरोधक ड्यूक ऑफ वेलिंग्टन याला सरकार बनवता आले नाही, तेव्हा ग्रे परत आले आणि ७ जून १८३२ रोजी विधेयकावर राजाची मोहोर उमटली. एका मताची थरारक लढत, राजीनामा, पुनरागमन : चित्रकारांना यापेक्षा चांगला मालमसाला कुठून मिळणार होता?

३. तांबे, लाकूड आणि दगड

आज 'चित्र छापले' म्हणताना आपण तंत्राचा विचार करत नाही. त्या काळात चित्र किती लोकांपर्यंत जाणार हे तंत्रावरच ठरे. जुनी पद्धत तांब्याच्या पत्र्याची. पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, सुईने चित्र कोरायचे आणि पत्रा आम्लात बुडवायचा. मेण निघालेल्या जागी आम्ल तांबे खाते आणि बारीक चर पडतात. चरांत शाई भरून, वर ओलसर कागद ठेवून, पत्रा रुळाखालून जोराने दाबून काढला की शाई कागदावर उतरते. रेषा सळसळती आणि जिवंत येते, पण दर दाबाला पत्रा झिजतो. काहीशे, फार तर हजार-दीड हजार छाप निघाले की रेषा फिकी पडते. त्यानंतर एकेका कागदावर हाताने रंग भरायचा. साहजिकच असे चित्र महाग पडे : साधे सुमारे एक शिलिंग, रंगीत सुमारे दोन. शेतमजुराला आठवड्याला दहा शिलिंग मिळत असतील तर एक रंगीत चित्र म्हणजे मजुरीचा पाचवा हिस्सा, एका दिवसाच्या कमाईपेक्षा जास्त. असा माणूस चित्र विकत घेऊन घरी नेणार नाही, हे उघड आहे.

लाकडी ठशाचे गणित वेगळे. त्यात रेषा उठावाची असते आणि भोवतालचे लाकूड कोरून काढलेले असते. ठशाची उंची छापखान्यातल्या खिळ्यांएवढी ठेवली की तो मजकुराच्या शेजारी बसतो आणि एकाच दाबात शब्द व चित्र दोन्ही उमटतात. बॉक्सवूडसारखे कठीण लाकूड असेल तर हजारोंनी प्रती निघतात. १८२० नंतर तिसरी पद्धत रूढ झाली, ती शिळाछापाची. गुळगुळीत दगडावर स्निग्ध खडूने सरळ चित्र काढायचे. पाणी आणि तेलकट शाई एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्याच गुणावर ते छापले जाते. यात रेषा खडूची, मऊ येते. तांब्याची चरचरीत रेषा, लाकडाची जाड रेषा आणि दगडाची मऊ रेषा यांतून तीन वेगवेगळे स्वभाव घडले. पुढे त्यांचे तीन वेगवेगळे प्रेक्षक तयार झाले.

४. काचेपुढची गर्दी

चित्र इतके महाग, तर ते पाहिले कोणी? उत्तर दुकानाच्या दर्शनी खिडकीत आहे. सेंट जेम्स स्ट्रीटवर हॅना हम्फ्री, पिकॅडिलीत फोर्स, चीपसाइडला टेग, हेमार्केटमध्ये मॅक्लीन हे चित्रविक्रेते नवी चित्रे काचेच्या तावदानांत लावत. जेम्स गिलरे हा त्या पिढीतला सर्वांत तिखट हात. तो हम्फ्रीबाईंच्या दुकानाच्या वरच्याच मजल्यावर राहत असे. १८०८ च्या त्याच्या एका चित्रात हेच दुकान दिसते. समोरच्या निसरड्या रस्त्यावर एक म्हातारा सपशेल आपटला आहे, त्याचा विग डोक्यावरून निसटला आहे. पण त्याच्याकडे कोणाचे लक्ष नाही, कारण मागे उभी असलेली माणसे पाठ फिरवून काचेतली चित्रे पाहण्यात गुंगली आहेत. काचेत लावलेली चित्रे गिलरेचीच आहेत आणि त्यांतली बरीचशी ओळखूही येतात. दुकानदाराची जाहिरात म्हणून हे चित्र बाजूला सारता येईल. पण ज्याला दिवसभरात खिशातून एक पेनीही काढायची नाही असा माणूसही चित्र पाहू शकत होता, ही गोष्ट त्यातून निर्विवाद दिसते.

खिडकी हा एकच मार्ग नव्हता. फोर्सच्या दुकानात चित्रांचे मोठे संग्रह एका संध्याकाळपुरते भाड्याने मिळत. कॉफीगृहांत आणि दारूच्या गुत्त्यांत चित्रे भिंतीवर लागत. चित्रातले फुगे, म्हणजे पात्रांच्या तोंडचे शब्द, ज्याला वाचता येई तो इतरांना वाचून दाखवी. चित्रे रुमालांवर आणि मातीच्या भांड्यांवरही उतरली. सुधारणा कायद्याच्या काळात ग्रे आणि त्यांचा मंत्री ब्रूम यांच्या छब्या असलेले मग आणि सुरया खपल्या, त्या आजही संग्रहालयांत आहेत. म्हणून किती प्रती विकल्या गेल्या हा आकडा पाहून प्रेक्षक मोजणे चुकीचे आहे. एक प्रत किती डोळ्यांखालून जाई, हे पाहायला हवे.

५. खटला भरायचा तर विनोद कोर्टात वाचावा लागतो

सरकारने हे चालू कसे दिले? पुस्तके आणि वर्तमानपत्रे यांच्यावर ते खटले भरत होते, छपाईवर कर बसवत होते. १८१५ नंतर वर्तमानपत्राच्या प्रत्येक प्रतीवर चार पेन्सचा मुद्रांक होता, त्यामुळे अंकाची किंमत सात पेन्सपर्यंत जाई. चित्रांचे सुटे कागद या मुद्रांकातून सुटत. पण करापेक्षाही मोठी अडचण होती ती कोर्टाची, आणि ती विल्यम होन या लंडनच्या पुस्तकविक्रेत्याने उघडी पाडली. होनने प्रार्थनापुस्तकाच्या चालीवर मंत्र्यांची टर उडवणारी विडंबने छापली होती. धर्मनिंदेच्या आरोपाखाली डिसेंबर १८१७ मध्ये त्याच्यावर लागोपाठ तीन दिवस तीन खटले चालले. वकील नेमायला त्याच्याकडे पैसा नव्हता. तो जुन्या पुस्तकांची चळत घेऊन गिल्डहॉलमध्ये आला आणि तासन्‌तास स्वतःच बोलत राहिला. धर्मग्रंथांच्या चालीवर राजकीय विडंबन करण्याची रीत जुनी आहे, मोठमोठ्या धर्मोपदेशकांनीही ते केले आहे, आणि सरकारच्या बाजूचे लोकही त्यात मागे नाहीत, हे त्याने एकेक उदाहरण वाचून दाखवले. त्यात गिलरेचे चित्रही होते. लोक कोर्टातच हसू लागले. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी मुख्य न्यायाधीश लॉर्ड एलनबरो स्वतः येऊन बसले, तरीही ज्यूरीने तिन्ही वेळा होनला निर्दोष सोडले.

या निकालाचा धडा सरकारही शिकले आणि विडंबनकारही. चित्रातल्या लठ्ठ, नटव्या गृहस्थावर खटला भरायचा तर सरकारी वकिलाला आधी उभे राहून सांगावे लागणार की हा लठ्ठ गृहस्थ म्हणजे आमचे राजपुत्र. ते सिद्ध करता करताच खटल्याचे हसे होणार. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर सुधारणेसाठी जमलेल्या साठेक हजारांच्या शांत सभेवर घोडदळ घालण्यात आले आणि किमान पंधरा माणसे मारली गेली. त्या हत्याकांडानंतर, त्याच वर्षाच्या अखेरीस, होन आणि तरुण चित्रकार जॉर्ज क्रुकशँक यांनी 'जॅकने बांधलेले राजकीय घर' ही पुस्तिका काढली. लहान मुलांच्या एका बडबडगीताचा सांगाडा, प्रत्येक पानावर एक लाकडी ठसा आणि किंमत एक शिलिंग. देशाची संपत्ती लुटणारी बांडगुळे, सैनिक, वकील आणि तंग पोशाखात कोंबलेला वयस्क छानछोकी राजपुत्र असे सगळे त्यात आले. राजपुत्राचे नाव मात्र नाही. तिच्या सुमारे एक लाख प्रती खपल्याचे सांगितले जाते. तांब्याच्या पत्र्याला जे कधीच जमले नसते ते लाकडाने केले. त्यावर खटला झाला नाही. हाच राजपुत्र पुढच्या वर्षी चौथा जॉर्ज म्हणून राजा झाला आणि त्याच्या वतीने क्रुकशँकला शंभर पौंड देण्यात आले. राजाला कोणत्याही अनैतिक प्रसंगात दाखवणार नाही, अशी त्याची पोच होती. चित्रांनी काहीच फरक पडत नाही म्हणणाऱ्यांनी हे शंभर पौंड ध्यानात घ्यावेत. ज्याच्या हाती सैन्य होते, त्याने चित्र थांबवायला पैसे मोजले.

६. बूट, झाडू आणि नाक

आता चित्राच्या आत जाऊ. वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापण्याची सोय अजून पन्नासेक वर्षे दूर होती. लंडनबाहेरच्या माणसाने पंतप्रधानाला पाहिलेले असण्याचे कारण नव्हते. मग चित्रातला माणूस कोण हे त्याला कसे कळे? देवळात गेल्यावर मूर्तीच्या हातात वीणा असेल तर सरस्वती आणि पायाशी उंदीर असेल तर गणपती, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. व्यंगचित्रकारांनी मंत्र्यांसाठी नेमकी हीच सोय केली. वेलिंग्टनचे चिन्ह बूट. त्याच्या नावाचे बूट तेव्हा सगळे घालत, म्हणून १८२७ साली विल्यम हीथने एक उंच बूट काढून त्यावर वेलिंग्टनचे बाकदार नाकाचे डोके बसवले. बाकी धड नाहीच. हेन्री ब्रूम या लॉर्ड चॅन्सेलरच्या नावाचा उच्चार झाडूच्या इंग्रजी शब्दाशी जुळत असल्यामुळे त्याच्या हाती झाडू आला. तो कायदे आणि कोर्टे साफ करायला निघालेला असल्यामुळे ते चिन्ह त्याला चपखल बसले. त्याचे बोजड, वर उचललेले नाक चित्रकारांच्या इतके हातात बसले होते की पाठमोरे शरीर आणि नाकाचे टोक एवढेच पुरे होई.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की एकदा चिन्ह ठरले की ते दुसऱ्या चित्रकारालाही वापरता येते आणि प्रेक्षकालाही पुढच्या चित्रात नेता येते. १८२९ मध्ये हीथने वेलिंग्टनला घोडागाडी हाकणारा गाडीवान केले. राजाला हवे तिकडे नेणारा खरा माणूस कोण, हे त्यात सांगितले होते. सलग चित्रे पाहणाऱ्याला मंत्रिमंडळाची बेरीज-वजाबाकी, कोण कोणाच्या गाडीत बसला, कोण उतरला, हे लेख न वाचता कळू लागले. राजकीय जाण म्हणतात तिची ही पहिली पायरी आहे. ज्या माणसाला सहा तासांचे संसदीय भाषण कधी वाचायला मिळणार नव्हते, त्याच्यासाठी ती मोठी होती.

७. एका झाडाकडे नीट पाहू

१८३१ साली चॅन्सरी लेनमधल्या ई. किंग या विक्रेत्याने काढलेले एक चित्र वर्गात शिकवावे असे आहे. मध्यभागी एक पोकळ, वाळलेले, अजस्र झाड. त्याच्या फांद्यांवर घरटी आहेत आणि घरट्यांवर कुजक्या मतदारसंघांची नावे लिहिली आहेत. घरट्यांत पाणकावळे बसले आहेत, म्हणजे समोर येईल तो मासा गिळणारे, पोट न भरणारे पक्षी. झाडाच्या एका बाजूला ग्रे, रसेल, ब्रूम वगैरे मंडळी कुऱ्हाडी उगारून घाव घालत आहेत. दुसऱ्या बाजूला वेलिंग्टन, पील आणि त्यांचे साथी झाड पडू नये म्हणून टेकू देत आहेत. दूरवर एका टेकडीवर राजा विल्यम आणि जॉन बुल, म्हणजे इंग्लंडच्या सामान्य माणसाचे प्रतीक, आनंदाने हे पाहत आहेत.

या चित्राने काय साधले ते पाहा. अखेर मंजूर झालेल्या विधेयकाच्या परिशिष्टात छप्पन्न गावांची रुक्ष यादी होती. त्या गावांचे सगळे प्रतिनिधी काढून घ्यायचे होते. आणखी तीस गावांचा एकेक प्रतिनिधी जायचा होता. अशी यादी वाचून कोणाचे रक्त तापत नाही. चित्रकाराने अशा गावांची नावे घरट्यांना चिकटवली, घरट्यांत खादाड पक्षी बसवले आणि झाड कुजलेले आहे हे आधीच दाखवून टाकले. आता ते तोडावे की नाही असा प्रश्नच उरत नाही, कोण तोडतो आणि कोण टेकू देतो एवढेच पाहायचे राहते. गुंतागुंतीचा प्रश्न दोन बाजूंत वाटला गेला आणि प्रत्येक बाजूला ओळखीचे चेहरे उभे राहिले. विरोधकांचा एक मुद्दा मात्र चित्रात कुठेच नाही : जुन्या व्यवस्थेत कुजक्या जागांमधूनच अनेक हुशार पण निर्धन तरुण पार्लमेंटमध्ये आले होते. तो मुद्दा सर्वस्वी खोटा नव्हता. चित्राने तो गिळून टाकला. व्यंगचित्राची ताकद आणि त्याचा अन्याय एकाच जागी असतात, आणि सुधारणेचा पक्ष योग्य होता म्हणून हा अन्याय झाकून ठेवणे मला पटत नाही.

८. तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की चित्रकार विकाऊ होते, मग त्यांच्या चित्रांना राजकीय वजन कसले? आरोप खोटा नाही. गिलरेला १७९७ पासून सरकारी वेतन मिळत होते. क्रुकशँकने तर होनची पुस्तिका निघाली त्याच डिसेंबर १८१९ मध्ये हम्फ्रीच्या दुकानासाठी सुधारणावाद्यांना राक्षसी रूपात दाखवणारे चित्रही काढले. पण माझा मुद्दा चित्रकाराच्या निष्ठेवर उभा नाही. सरकारच्या बाजूचे चित्र असो की विरुद्ध बाजूचे, ते काचेत लागले की रस्त्यावरच्या माणसाला 'तू ठरव' असेच सांगत होते. ज्याच्या मताची कायद्याला गरज नव्हती, त्याचे मन वळवायला दोन्ही पक्ष धडपडत होते. त्याचे मत जुळवावे लागते, हे मान्य झाले की त्याला मत का नाही, हा प्रश्न फार काळ टाळता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : सुधारणा दंगलींच्या धाकाने आणि संघटनेच्या जोरावर झाली. टॉमस अ‍ॅटवुडची बर्मिंगहॅम पोलिटिकल युनियन, ब्रिस्टलची तीन दिवसांची जाळपोळ, सरदारांच्या मनातली भीती यांच्यापुढे चित्रांचा हिशेब कसला? हे मी मान्य करतो. चित्रांना कारणांच्या यादीत पहिला क्रमांक देणारा माणूस इतिहास वाचत नसून चित्रे पाहत बसला आहे. तरी मे १८३२ मधली एक घटना इथे विचारात घ्यावी लागते. वेलिंग्टनचे सरकार येऊ नये म्हणून लंडनच्या भिंतींवर फलक लागले. ड्यूकला अडवायचे असेल तर बँकेतून सोने काढून घ्या, असा त्यांचा आशय होता. कोणता ड्यूक, हे फलकावर लिहिलेले नव्हते. वॉटर्लूच्या लढाईमुळे तो सगळ्यांना ठाऊक होता हे खरे, पण वॉटर्लूचा वीर ते सुधारणेच्या वाटेतली धोंड हा बदल लोकांच्या मनात आपोआप झाला नाही. नोव्हेंबर १८३० मध्ये त्याने सुधारणेला जाहीर विरोध केला, त्यानंतर संतप्त जमावाने त्याच्या ॲप्सली हाऊसच्या काचा फोडल्या आणि त्याला खिडक्यांना लोखंडी झडपा बसवाव्या लागल्या. त्याचे नाक आणि त्याचे बूट या सर्व काळात काचेमागे लटकत होते. संघटनेने माणसे जमवली, पण जमलेल्या माणसांना नेमके कोणाकडे बोट दाखवायचे हे आधीच माहीत होते.

तिसरा आक्षेप असा, की हसण्याने राग निवतो. म्हणजे चित्रांनी उलट सत्तेचे रक्षणच केले. याचे उत्तर फ्रान्समध्ये सापडते. तिथे राजा लुई फिलिपच्या सरकारने ऑनोरे दोमिए या चित्रकाराला राजाला खादाड राक्षस दाखवल्याबद्दल १८३२ मध्ये तुरुंगात टाकले. १८३५ मध्ये तर कायदाच केला : लेख छापायला पूर्वपरवानगी नको, चित्र छापायला मात्र हवी. चित्राने राग निवत असता तर राजाने असा कायदा केला नसता. इंग्लंडमध्ये पूर्वपरवानगी नव्हती. तिथे लोकांना मंत्र्याची फटफजिती पाहण्याची सवय लागली, आणि मंत्र्यालाही ती सोसण्याची. या सवयीने क्रांती टळली की सुधारणा सोपी झाली, यावर वाद घालता येईल. मला दोन्ही थोड्याथोड्या खऱ्या वाटतात आणि त्या एकमेकींना छेद देत नाहीत.

९. कायद्यानंतर चित्रे मऊ का झाली?

१८३२ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधले मतदार साधारण साडेचार लाखांवरून साडेसहा लाखांवर गेले. लोकसंख्या होती १ कोटी ३९ लाख. प्रौढ पुरुषांत सुमारे पाचातला एक जण मतदार झाला. मजूर आणि स्त्रिया बाहेरच राहिल्या. नेमक्या याच सुमारास चित्रांची जात बदलली. ब्रिटिश म्युझियमने राजकीय उपहासचित्रांची जी थोर सूची केली तीही १८३२ पाशी थांबते. मॅक्लीनच्या दुकानातून आता 'एच. बी.' या सहीची शिळाछाप चित्रे येऊ लागली होती. ही सही डब्लिनहून आलेल्या जॉन डॉइलची. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल त्याचा नातू. १८२९ पासून १८५१ पर्यंत त्याने नऊशेहून अधिक चित्रे काढली, आणि त्यांत कोणाचे पोट फुगलेले नाही, कोणाचे नाक फुटभर नाही. पार्लमेंटमध्ये दिसतात तसेच चेहरे, फक्त प्रसंग गमतीचा. मध्यमवर्गीय घरात मुलांसमोर ठेवता येईल असे हे चित्र होते. १८४१ मध्ये निघालेल्या 'पंच' साप्ताहिकाने तीच मर्यादा पुढे चालवली. मुंबईत पुढे निघालेल्या 'हिंदी पंच'ने नाव आणि घाट तिथूनच घेतला.

ही रुचीची सुधारणा होती असे नेहमी सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. ज्या वर्गाला १८३२ मध्ये मत मिळाले त्याच वर्गाने चित्र विकत घेतले, आणि आपल्याच निवडलेल्या मंत्र्याला चिखलात लोळताना पाहण्याची त्याला आता हौस नव्हती. याचा पुरावा म्हणजे ज्यांना मत मिळाले नाही त्यांची चित्रे मऊ झाली नाहीत. सी. जे. ग्रँटने १८३३ ते १८३५ मध्ये 'पोलिटिकल ड्रामा' नावाची १३१ लाकडी ठशांची मालिका काढली, किंमत एक पेनी. जाड, ओबडधोबड रेषा. गरिबांना अन्नाच्या बदल्यात आश्रमात डांबणारा नवा गरीब-कायदा, नवे पोलीस आणि सुधारणेनंतर गरिबांना विसरलेले व्हिग, म्हणजे ग्रे यांच्या पक्षाचे, मंत्री हे त्याचे विषय. झाडू घेऊन आलेला ब्रूम इथे गरिबांचा शत्रू झाला आहे. ज्या चिन्हाने तो लोकांचा लाडका झाला होता, त्याच चिन्हाने आता त्याची झाडाझडती झाली.

दुसऱ्या सुधारणा कायद्याच्या वेळी, १८६७ मध्ये, 'पंच'चा मुख्य चित्रकार होता जॉन टेनिएल. अंकाचे मोठे चित्र काय असावे हे संपादक मंडळी बुधवारच्या जेवणावर ठरवत. टेनिएल ते लाकडावर काढून देई आणि कोरणारे पुढे ते पुरे करत. ३ ऑगस्टच्या अंकात त्याने हा कायदा आणणाऱ्या डिझरेली या मंत्र्याला घोड्याचा देह आणि स्वतःचा चेहरा दिला. पाठीवर ब्रिटानिया, म्हणजे स्त्रीरूपातले ब्रिटन, बसली आहे, तिने भीतीने डोळे झाकले आहेत आणि घोडा 'सुधारणा' लिहिलेल्या काटेरी कुंपणात उडी घेतो आहे. डिझरेलीचा प्रत्येक सुरकुतीनिशी चेहरा इथे आहे, पण ज्यांना मत मिळणार ते जवळपास दहा लाख लोक चित्रात कुठेच नाहीत. पन्नास वर्षे व्यंगचित्रांनी सत्तेला चेहरे दिले, पण जनतेला जॉन बुल नाही तर ब्रिटानिया या ठरीव सोंगांपलीकडे क्वचितच जाऊ दिले. माझ्या मांडणीची मर्यादा मी म्हणतो ती हीच. बघणाऱ्याला न्यायाधीश केले, पण त्याला स्वतःचे रूप दिले नाही.

त्याच वर्षी 'पंच'च्या ३० मार्चच्या अंकात तत्त्वज्ञ आणि खासदार जॉन स्टुअर्ट मिल दिसतो. स्त्रियांना मताधिकार मिळावा अशी दुरुस्ती तो मांडणार होता. चित्रात तो जॉन बुलला बाजूला होऊन वाट द्यायला सांगतो आहे आणि मागे स्त्रियांचा घोळका आहे. मिलचा चेहरा हुबेहूब आहे, घोळक्यातल्या एकीलाही नाव नाही. २० मे रोजी दुरुस्ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी पडली. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे स्त्रियांच्या मताधिकाराची चित्रे बहुतेक पुरुषांनीच काढली, आणि त्यांतल्या स्त्रिया बहुधा भांडखोर, विद्रूप किंवा वेड्या होत्या. १९०७ मध्ये आर्टिस्ट्स सफ्रेज लीग आणि १९०९ मध्ये सफ्रेज अ‍ॅटेलिए या संस्था निघाल्या. अ‍ॅटेलिएत स्त्रियांना भित्तिचित्रे आणि टपालपत्रे स्वतः रेखाटायला, ठसे कोरायला आणि हाताने छापायला शिकवले जाई. त्या चित्रांत प्रथमच मत मागणारी स्त्री परिचारिका, शिक्षिका, गिरणीकामगार म्हणून उभी राहिली, आणि तिच्यासमोर ठरीव सोंग म्हणून आला तो मंत्री.